घर शहरात, नोकरी शहराबाहेर

मुंबईच्या सकाळचे रूढ चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. कल्याण, ठाणे, बोरिवली ह्या दिशांनी भरभरून आलेल्या गाड्या दक्षिणेकडे धावत असतात आणि दारात लोंबकळणारी माणसे आपापल्या कचेऱ्या गाठत असतात. परंतु त्याच वेळी, शेजारच्याच रुळांवरून, उलट्या दिशेनेही गाड्या जात असतात. त्यांत उभे राहायला, कित्येकदा बसायलाही, जागा मिळते. आणि म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परळ, लालबाग, गिरगाव, दादर येथे बिऱ्हाड असलेला आणि ठाणे, अंबरनाथ, तुर्भे किंवा बेलापूर येथे पोटासाठी जाणारा हा प्रवासी शहराच्या इतिहासात उपेक्षितच राहिला आहे.

अशी नोकरी चालून आली म्हणजे माणूस मनाशी हिशेब मांडतो. पासाचे पैसे किती, गाडी किती वाजताची, गर्दी उलट दिशेची असल्यामुळे होणारा त्रास किती कमी, आणि पगारात पडणारी भर किती. हा हिशेब खोटा नसतो. पण तो बहुतेक वेळा अपुरा असतो. त्यातून नेमके काय सुटते, हे समजून घ्यावयाचे तर घर आणि काम ह्यांची मुंबईत ताटातूट कशी झाली, हे पाहिले पाहिजे.

१८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरांची आगगाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. म्हणजे माणसाला दूर नेणारे वाहन आणि माणसाला एका जागी जखडणारा कारखाना, ही दोन्ही मुंबईत जवळजवळ एकाच वेळी अवतरली. परंतु पुढची सुमारे सत्तर वर्षे गिरणी कामगाराचा आगगाडीशी संबंध आला तो मुख्यतः गावी जाण्यायेण्यापुरता. कामावर तो पायी जाई. गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर खोली असावी, हाच गिरणगावाचा अलिखित नियम होता. खोल्या अंधाऱ्या होत्या. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-बारा माणसेही असत. तरी घर, खानावळ, बाजार, भजनी मंडळ आणि गिरणी ही सर्व हाकेच्या अंतरावर होती. पगार तुटपुंजा असला तरी दिवसाचे तास रस्त्यावर सांडत नव्हते.

१८९६ च्या प्लेगनंतर शहराच्या दाटीवर उपाय म्हणून १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत विकास खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी म्हणून त्या आजही ओळखल्या जातात. त्यांच्या बांधणीवर टीका पुष्कळ झाली. परंतु ह्या चाळी गिरण्यांच्या आसपास बांधल्या गेल्या, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कामगाराचे घर कामाच्या जवळ असले पाहिजे, एवढे तत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांनीही गृहीत धरले होते.

ह्या तत्त्वाला धक्का बसू लागला तो दोन बाजूंनी. एक बाजू विजेच्या गाडीची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी धावली, आणि पाचसहा वर्षांत पुणे व इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या. अंतर मैलांत मोजण्याऐवजी मिनिटांत मोजण्याची सवय मुंबईकरांना लागली ती तेव्हापासून. दुसरी बाजू कारखान्यांची. ज्यांना मोकळी जमीन, भरपूर पाणी किंवा वस्तीपासून दूर असलेली सुरक्षित जागा हवी, अशा उद्योगांना बेटावर ठाव मिळेना. आगकाड्यांचा कारखाना अंबरनाथला निघाला तो ह्याच दशकात. अंबरनाथ हे टर्मिनसपासून सुमारे ६० किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर तेथेच संरक्षण खात्याचा यांत्रिक हत्यारांचा कारखाना आला. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या पलीकडे अणुशक्ती संशोधनाचे केंद्र वसले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत कारखान्यांच्या वसाहतींची आखणी झाली.

कारखाने असे वेस ओलांडून बाहेर गेले. मग माणसे त्यांच्यामागून का गेली नाहीत?

ह्याचे पहिले उत्तर एका कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरभाडी भडकू नयेत म्हणून जे निर्बंध आले, त्यांतून पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच सामान्यतः तिचे प्रमाणभूत भाडे ठरले. हा कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतीवर मुदती घेत अर्धे शतक टिकला. त्याची जागा १९९९ च्या कायद्याने घेतली, तेव्हाही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बऱ्याच अंशी कायम राहिले. गरिबाला बेघर होण्यापासून ह्या कायद्याने वाचवले, हे निर्विवाद आहे. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की जुनी खोली ही राहण्याची जागा न राहता मिळकत बनली. ती सोडली की पुन्हा त्या भाड्यात जागा मिळणे नाही; नवी जागा घ्यावयाची तर पागडी मोजावी लागे. भाड्याची खोली सोडून कारखान्याजवळ राहावयास जाणे म्हणजे वडिलार्जित जमिनीवर पाणी सोडण्यासारखेच होते. तेव्हा कामगाराने खोली राखली आणि अंतर पत्करले. त्याच्या रोजच्या प्रवासाचे तास हे एका अर्थी त्या स्वस्त खोलीचे न लिहिलेले भाडेच होते.

दुसरे उत्तर कुटुंबात आहे. नोकरी एका माणसाची असते. घर अनेकांचे असते. पत्नी महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका असेल किंवा टेलिफोनच्या कचेरीत असेल; मुलाला चांगल्या शाळेत मोठ्या प्रयासाने प्रवेश मिळालेला असेल; म्हाताऱ्या आईचे औषधपाणी केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात चालू असेल; धाकटा भाऊ रात्रीच्या शाळेत शिकत असेल. कर्त्या पुरुषाचा कारखाना ठाण्याला गेला म्हणून ह्या सर्वांची घडी विस्कटावी काय? जोपर्यंत घरात मिळवता हात एकच होता, तोपर्यंत घराने त्या हाताच्या मागे जावे असे म्हणणे सोपे होते. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्यावर घराचे स्थान हा तडजोडीचा विषय झाला. आणि एकाने थोडे जवळ व दुसऱ्याने पुष्कळ दूर जावे, अशीच ती तडजोड बहुधा ठरली. शहराच्या मध्यावर असलेले घर कोणत्याच एका नोकरीला सर्वांत जवळ नसेल. पण घरातल्या सगळ्यांच्या गरजांना मिळून ते सर्वांत जवळ असते. शहराबाहेर जाणारा माणूस ती खोली का सोडत नाही, ह्या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

ही गोष्ट ज्यांनी आधीच ओळखली, त्यांचे स्थलांतर यशस्वी झाले. अणुशक्ती केंद्र तुर्भ्याला नेताना केवळ प्रयोगशाळा आणि अणुभट्ट्या उभारून चालणार नाही, हे त्याच्या प्रवर्तकांनी जाणले. अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. पुढे केंद्राच्या नोकरवर्गासाठी अणुशक्तीनगर उभे राहिले, आणि त्यात घरांबरोबर शाळा, रुग्णालय व दुकाने आली. रेल्वेनेही आपल्या कारखान्यांच्या आसपास नोकरांच्या वसाहती पूर्वीच बांधल्या होत्या. ज्या मालकाने घराचा विचार कारखान्याच्या नकाशातच केला, त्याच्या नोकराला रोजचा लांबचा प्रवास करावा लागला नाही.

परंतु प्रत्येक उद्योगाला हे करणे शक्य नव्हते, आणि ज्यांना शक्य होते त्या सर्वांनी ते केले असेही नाही. तेव्हा हा भार शासनाच्या अंगावर आला. १९५८ मध्ये मुंबई राज्य सरकारने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली बृहन्मुंबईच्या प्रश्नांसाठी अभ्यासगट नेमला. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून शहराला पूर्वेकडे वाट करून द्यावी, अशी महत्त्वाची शिफारस त्याने केली. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ मध्ये विकेंद्रित वाढीचा पुरस्कार केला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली होती. तिला मूर्त रूप देण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सुमारे २० लाख वस्तीचे नवे शहर उभारावे, तेथे काम आणि घर शेजारी शेजारी असावे, असा तो संकल्प होता. संकल्प उदात्त होता, ह्यात शंका नाही.

पण इतिहासात संकल्पापेक्षा क्रमाला अधिक महत्त्व असते. कोणती गोष्ट आधी झाली आणि कोणती मागाहून, ह्यावर माणसांचे आयुष्य ठरते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले ते १९६० नंतरच्या दशकात. खाडीवरचा वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला तो १९७३ मध्ये. तोपर्यंत रस्त्याने बेलापूरकडे जावयाचे तर ठाण्याला वळसा घालावा लागे. मानखुर्द ते वाशी आगगाडी सुरू झाली ती ९ मे १९९२ रोजी. आणि ज्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हे कारखाने वसले, त्या ठाणे-तुर्भे-वाशी मार्गावर उतारूंची गाडी धावू लागली ती २००४ मध्ये. कारखाना आणि आगगाडी ह्यांच्यात असे सुमारे चार दशकांचे अंतर पडले. ह्या चार दशकांत तेथे कामाला लागलेला तरुण निवृत्त होऊन घरी बसला. त्याच्या वाट्याला आली ती आधी लोकल, मग बसची रांग, आणि शेवटी कारखान्याच्या फाटकापर्यंतची पायपीट. उलट दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळते हे खरे. पण स्थानक आणि फाटक ह्यांमधल्या शेवटच्या दोन मैलांना उलट दिशेची सवलत नसते. शहराच्या मध्यावर हे अंतर दुकानांनी आणि बसमार्गांनी गजबजलेले असते. शहराबाहेर ते ओसाड असते, आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्याला तर अधिकच लांब वाटते.

घाऊक बाजारांच्या स्थलांतराचाही इतिहास असाच आहे. दक्षिण मुंबईत दाटीवाटीने चालणारे कांदा-बटाटा, मसाले, धान्य, फळे आणि भाजीपाला ह्यांचे घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीकडे नेण्यात आले. शहरातील रस्ते मोकळे व्हावेत, हा हेतू योग्यच होता. पण बाजाराबरोबर पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगारही जाणार होता, आणि त्याचे बिऱ्हाड बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांतच होते. ह्या कामगारांना १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळालेले होते आणि त्यांची संघटना बळकट होती. त्यामुळे नवी मुंबईत माथाड्यांसाठी घरे बांधली जाऊ शकली. ज्यांच्यामागे अशी संघटना नव्हती, त्या फुटकळ कामगारांनी बाजाराच्या मागे रोज खाडी ओलांडली, किंवा ते काम सोडले.

घर आणि काम ह्यांतील हे अंतर केवळ मुंबईचे दुखणे नाही. अमेरिकेत ते अधिक दारुण रूपाने पुढे आले. तेथे युद्धोत्तर काळात कारखाने आणि सुखवस्तू वर्ग दोन्ही उपनगरांकडे गेले. शहराच्या मध्यभागी उरली ती गरीब आणि मुख्यतः कृष्णवर्णीय वस्ती. तिला वर्णभेदामुळे उपनगरात घर मिळत नव्हते, आणि मोटार नसल्यामुळे उपनगरातले कामही गाठता येत नव्हते. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिस शहरातील वॉट्स भागात भीषण दंगल होऊन ३४ माणसे मरण पावली. तिची कारणे शोधणाऱ्या मॅक्कोन आयोगाने अपुरी आणि महाग सार्वजनिक वाहतूक हा रोजगाराच्या मार्गातील मोठा अडसर असल्याचे नमूद केले. जॉन केन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये डेट्रॉइट आणि शिकागो ह्या शहरांच्या अभ्यासातून हाच प्रश्न शास्त्रीय पद्धतीने मांडला. मुंबईच्या कामगाराला निदान स्वस्त पास आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालणारी लोकल होती. ती नसती तर जुन्या खोलीला चिकटून राहणे म्हणजे बेकारीच पत्करणे ठरले असते. मुंबईची लोकल नुसती गर्दी वाहत नाही. घर न मोडता काम बदलण्याची मुभा ती गरिबाला देते, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे.

हे श्रेय १९८२ नंतर विशेष कसाला लागले. त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगा ऐकून कामावर जाणाऱ्यांच्या दारातले कामच नाहीसे झाले. कित्येक जण गावी परतले. जे उरले त्यांच्यापैकी अनेकांना, आणि त्यांच्या मुलांना, उपनगरांत आणि त्यांच्याही पलीकडे मिळेल ते काम शोधावे लागले. गिरण्यांच्या जागी पुढे कचेऱ्यांचे मनोरे उठले. त्यांत काम करणारे दूरच्या उपनगरांतून लोअर परळला येऊ लागले, आणि परळचा जुना रहिवासी त्याच सकाळी उलट्या दिशेने जाऊ लागला. एकाच स्थानकावर उतरणारा आणि चढणारा ह्यांनी घरे बदलली असती तर दोघांचेही श्रम वाचले असते. परंतु घरांची अशी अदलाबदल होत नाही. कारण एकाला ते घर परवडत नाही आणि दुसऱ्याला ते सोडवत नाही.

ह्या प्रवासाचे ओझे कोणाचे, हा प्रश्न अखेर न्यायालयांपुढेही आला. मुंबईतच १९५७ साली बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून बेस्टच्याच बसने घरी निघाला असता अपघातात सापडून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. काम संपल्यानंतर घडलेला अपघात कामाच्या ओघात घडला असे म्हणता येईल काय, हा वादाचा मुद्दा होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने विधवेच्या बाजूने निकाल दिला. एवढ्या विस्तीर्ण शहरात चालकांनी वेळेवर कामावर पोहोचावे ही त्या सेवेचीच निकड असून, संस्थेच्या बसने जाण्यायेण्याची त्यांची मुभा हा त्या सेवेचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. मात्र १९९६ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, सायकलवरून कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर जखमी झालेल्या कामगाराला राज्य विम्याचा लाभ देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. कारण सार्वजनिक रस्त्यावरचा अपघात हा कायद्याच्या शब्दांत बसत नव्हता. शेवटी २०१० मध्ये संसदेने कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती केली, आणि घर ते कामाची जागा ह्या प्रवासातील अपघात, योग्य तो संबंध सिद्ध झाल्यास, कामातूनच उद्भवला असे मानण्याचे ठरले. रस्त्यावरचा तास हा सर्वस्वी कामगाराचा खासगी तास नव्हे, एवढे सत्य कायद्याच्या पुस्तकात येण्यास स्वातंत्र्यानंतर साठाहून अधिक वर्षे लागली.

आज प्रवाहांच्या दिशाही पूर्वीइतक्या सरळ राहिलेल्या नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, ऐरोली अशी कामाची नवी केंद्रे झाल्यामुळे कोणती दिशा सुलट आणि कोणती उलट, हेच सांगणे कठीण झाले आहे. २०२० च्या महासाथीत काही कामे घरी बसूनही होतात हे दिसून आले. पण यंत्रापाशी उभा राहणारा, रुग्णाची शुश्रूषा करणारा आणि पोते उचलणारा ह्यांना ती सोय नाही. त्यांच्यापुढे जुना हिशेब तसाच उभा आहे.

तो हिशेब मांडावयाचा तर मैल आणि रुपये बाजूस ठेवून तासांत मांडावा. घरापासून फाटकापर्यंत दोन तास लागत असतील, तर जाऊन-येऊन चार तास होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,२०० तास. आठ तासांच्या पाळीने हे १५० दिवसांचे काम भरते. पगारातील वाढ ही ह्या दीडशे दिवसांची मजुरी म्हणून पुरेशी आहे काय, हा पहिला प्रश्न. ते तास घरातील कोणाच्या वाट्यातून वजा होतात, हा दुसरा. आणि हलवल्यावर जे पुन्हा मिळणार नाही असे त्या घरात काय आहे, हा तिसरा. ह्या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरही कित्येक जण घर राखून लांबची नोकरी पत्करतील, आणि तो निर्णय बरोबरही असेल. कारण माणूस केवळ कामासाठी जगत नाही.

परंतु हे तीन प्रश्न एकट्या कामगारानेच विचारावेत, हे न्यायाचे नाही. कारखाना, बाजार किंवा सरकारी कचेरी हलवण्याचा ठराव एका बैठकीत होऊ शकतो. शेकडो घरांची घडी एका ठरावाने हलत नाही. जमिनीच्या किमतीत वाचलेला पैसा जर नोकरांच्या तासांतून वसूल होणार असेल, तर ती बचत नसून नुसती खतावणीतील फिरवाफिरव आहे. स्थलांतराच्या प्रत्येक योजनेत जमीन, पाणी आणि वीज ह्यांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा. त्यात किती माणसांचे किती तास रोज रस्त्यावर जाणार, ह्याची नोंद व्हावी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आराखड्यात तो रकाना वेळेवर भरला गेला असता, तर तेथील आगगाडीला चाळीस वर्षे वाट पाहावी लागली नसती.